गाईला सुरी न लागू देणाऱ्या ताईंना

आर्वीच्या केकवाल्या ताईंना सप्रेम नमस्कार.

ताई, तुमचे पैसे त्याच दिवशी चुकते केले, पण आभार राहून गेले. ते चारचौघांत मानावेत असं घरातल्या सगळ्यांना वाटत होतं, म्हणून हे उघड पत्र.

आमची लेक जनावरांची डॉक्टर झाली. नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात साडेपाच वर्षं काढून, त्यातलं शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं, ती मे महिन्यात घरी आली. तिच्या भावानं हट्ट धरला, केक आणायचा तर गाईचाच. मोबाईलमधले फोटो घेऊन तो तुमच्याकडे आला. सगळ्या फोटोंत काळी-पांढरी विलायती होल्स्टिन गाय. तुम्ही ते बाजूला सारून विचारलंत, "तुमच्या गोठ्यात कोणती आहे?" गवळाऊ म्हटल्यावर तिला पाहायला घरी आलात. तिथंच मी तुम्हाला मानलं.

आर्वी, आष्टी, कारंजा हा गवळाऊचाच मुलूख, तरी तिला निरखून पाहणारी माणसं आता कमी झाली. तुम्ही दावणीपाशी बसून सगळं टिपलंत. निमुळतं लांब तोंड, थोडं फुगीर कपाळ, आखूड बोथट शिंगं, पापण्यांच्या कडेची काळी कातडी. गाय बसली की पुढचे पाय छातीखाली दुमडते आणि मागचे एका अंगाला काढते, तेही तुमच्या वहीत उतरलं. उभ्या गाईचं वजन चार बारीक पायांवर पेलणार नाही, म्हणून बसलेलीच करायची, असं तुम्ही ठरवलंत.

तेवढ्यात माझी माय बोलली, "गाईवर सुरी चालवता का रे बाप्पा?" आमच्यापैकी कोणाला उत्तर सुचेना. शिकलेली माणसं अशा वेळी म्हाताऱ्या माणसाला हसून गप्प करतात. तुम्ही तिच्या शेजारी बसलात आणि बेतच बदललात. कापायचं ते खालचं कुरण, गाय त्यावर नुसती बसलेली, कापायच्या आधी दोन्ही हातांनी उचलून घ्यायची. मायच्या चेहऱ्यावरचा ताण तेव्हाच उतरला. ताई, या पत्राचं खरं कारण तेच आहे.

पोरगा तुमच्या हाताखाली राबला, त्यामुळे पुढचं सगळं मला त्याच्याकडून कळलं. गाय हलकी राहावी म्हणून मुरमुऱ्यांत पांढरं चॉकलेट वितळवून तुम्ही तिचं धड दाबून घडवलंत, गार झाल्यावर कोरलंत, मग वरून फॉन्डंटची, म्हणजे साखरेच्या मळलेल्या गोळ्याची, पातळ कातडी चढवलीत. जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्यापासून बनतं, म्हणून मायला चालावं असं बिनजिलेटिनचं फॉन्डंट मुद्दाम मागवलंत. शिंगं आणि कान फॉन्डंट कडक करणारी टायलोज पावडर घालून आधीच करून वाळवून ठेवलेत. खालच्या बिनअंड्याच्या केकमध्ये जाड स्ट्रॉ उभ्या रोवून वर पुठ्ठ्याची चकती ठेवलीत, म्हणून गाय रुतली नाही. आमच्याकडचा मे म्हणजे पारा पंचेचाळीसला आणि लाइटचा भरवसा नाही. त्या उन्हात फेटलेलं क्रीम टिकत नाही, म्हणून तुम्ही गनाश केलंत, एक भाग क्रीमला अडीच भाग डार्क चॉकलेट. उन्हं चढायच्या आत केक आणि गाय वेगवेगळ्या खोक्यांत घेऊन तुम्ही दारात हजर होतात.

लेकीनं गाय पाहिली आणि ती पहिल्यांदा डाव्या अंगाला वाकली. डाव्या भकाळीचा, म्हणजे बरगड्यांमागचा, खळगा तुम्ही बरोबर दाबला होता. जनावराचं मोठं पोट डावीकडे असतं. पोट फुगलं की हाच खळगा भरून वर येतो, आणि डॉक्टरचा हात आधी तिथंच जातो. मग तिला कानातला पिवळा बिल्ला दिसला. नखाएवढ्या त्या तुकड्यावर खाण्याच्या शाईच्या पेनानं ओळख क्रमांकाचे बारा आकडे लिहिलेले, आणि ते आमच्याच गाईचे! लेक मोठ्यानं आकडे वाचत गेली आणि शेवटाला तिचा आवाज भरून आला. तिच्या शिक्षणाला हातभार त्याच गाईच्या गोऱ्ह्यांनी लावला आहे. हे मी तुम्हाला सांगितलं नव्हतं. पोरानं सांगितलं असेल, किंवा तुम्हीच गोठ्यात ओळखलं असेल.

कुरण सगळ्या गल्लीनं खाल्लं. गाय मायच्या ताब्यात आहे, तिला हात लावायची कोणाला परवानगी नाही.

तुमच्या सासऱ्यांच्या म्हशी आहेत असं तुम्ही बोलता बोलता म्हणाला होतात. पावसाळा लागायच्या आत घटसर्प आणि फऱ्या या जनावरांच्या रोगांची लस टोचून घ्यायला हवी. लेक म्हणते, ती स्वतः येऊन टोचून जाईल. केकची पाटीही धुऊन ठेवली आहे, तीही घेऊन येऊ. तुम्हाला कोणता दिवस सोयीचा आहे तेवढं कळवा.

आपला,
डॉक्टरीणबाईचा बाप