घड्याळ आणि किटलीचं भांडण

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेले काही दिवस आपल्या वाचकांच्या पत्रांत ख्रिस्ती श्रद्धा बरोबर की नास्तिकता, यावर जे चाललंय ते मी न चुकता वाचतोय. एक जण घड्याळ आणतो, दुसऱ्या दिवशी त्याला उत्तर म्हणून किटली येते, मग कुणीतरी भंगारातून उडालेलं विमान आणतो, आणि मूळ मुद्दा कुठे गेला हे कुणीच विचारत नाही. मी स्वतः देव न मानणारा माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो म्हणजे नंतर कुणी पकडायला नको. पण माझा सगळ्यात जुना मित्र श्रद्धाळू ख्रिस्ती आहे आणि आम्ही दोघं कॉलेजपासून हाच वाद घालतोय, त्यामुळे यातली बहुतेक उदाहरणं मी एकतर फेकलेली आहेत नाहीतर झेललेली आहेत.

आधी घड्याळ. विल्यम पेली नावाच्या इंग्रज पाद्र्याने १८०२ मध्ये ते प्रसिद्ध केलं. माळावरून जाताना पायाला दगड लागला तर आपण म्हणू पडलाय कधीपासून, पण घड्याळ सापडलं तर आतली चाकं बघून म्हणावंच लागेल की हे कुणीतरी विचार करून बनवलंय, आणि माणसाचा डोळा तर घड्याळाहून किती गुंतागुंतीचा. वाचताना पटतं हो. पण डेव्हिड ह्यूम या स्कॉटिश तत्त्वज्ञाने याची चिरफाड पेलीच्या आधीच करून ठेवली होती, त्याचं पुस्तक तो वारल्यावर १७७९ मध्ये आलं, म्हणजे तेवीस वर्षं आधी. त्यातलं म्हणणं साधं आहे. घर बघून गवंडी आठवतो कारण घरं बांधताना आपण बघितलीयेत, जगं तयार होताना कुणी बघितलंय? आणि साम्यावरच जायचं तर मग पूर्ण जा ना, जहाज बांधायला पुष्कळ माणसं लागतात, मग देवही पुष्कळ का नकोत? शिवाय जग यंत्रापेक्षा झाडासारखं किंवा प्राण्यासारखं जास्त दिसतं, मग ते बनवलं असं न म्हणता उगवलं असं का म्हणू नये?

पुढे १८५९ ला डार्विन आला, ज्याने केंब्रिजला शिकताना हाच पेली आवडीने वाचला होता, आणि डोळा हळूहळू, पायरी पायरीने कसा घडू शकतो हे त्याने दाखवलं. इथे आमच्या बाजूचे लोक टाळ्या वाजवून घरी जातात. पण डार्विनने मोडलं ते पेलीचं उदाहरण, देव नाही हे सिद्ध नाही केलं, उत्क्रांती मान्य करणारे ख्रिस्ती तेव्हाही होते आणि आजही भरपूर आहेत. विमानाचंही तेच. भंगाराच्या ढिगावरून वादळ गेलं आणि बोइंग ७४७ तयार झालं असं कधी होईल का, हे उदाहरण फ्रेड हॉइलचं, आणि तो खगोलशास्त्रज्ञ स्वतः काही श्रद्धाळू नव्हता. ते इथे लागू पडत नाही कारण नैसर्गिक निवड म्हणजे एकाच फटक्यात लागलेली लॉटरी नव्हे, जमलेलं थोडं थोडं टिकत जातं. जास्त लिहीत नाही त्यावर.

आता किटली, म्हणजे माझं लाडकं हत्यार. बर्ट्रंड रसेल या ब्रिटिश तत्त्वज्ञाने १९५२ मध्ये एका मासिकासाठी लेख लिहिला, तो त्या मासिकाने छापलाच नाही. त्यात तो म्हणतो की पृथ्वी आणि मंगळ यांच्यामध्ये एक चिनी मातीची किटली सूर्याभोवती फिरतेय, दुर्बिणीतूनही दिसणार नाही एवढी छोटी आहे, असं मी म्हटलं तर तुम्ही मला खोटं पाडू शकणार नाही, पण म्हणून तुम्ही ते मानायला बांधील आहात का? पुरावा द्यायची जबाबदारी दावा करणाऱ्याची, बस, एवढाच पॉइंट, आणि तो मला आजही शंभर टक्के पटतो. पण आम्ही लोक काय करतो, त्यातून हळूच पुढचं वाक्य काढतो, की बघा, देव मानणं हे किटली मानण्याइतकंच खुळचट आहे. हे रसेलच्या उदाहरणाने मिळत नाही, ते आपण वरून चिकटवलेलं असतं. माझा मित्र एकदा म्हणाला, अरे किटली असली काय नसली काय, तिच्यासाठी कुणी कुणाला माफ केलंय का? मी म्हटलं माफ केल्याने ती असल्याचं सिद्ध होत नाही. तो म्हणाला नाहीच होत, पण मी काय मानतो ते तरी तुझ्या किटलीत मावतं का ते बघ आधी.

तेव्हा मी चिडलो होतो, पण बरोबर होतं त्याचं.

आणि श्रद्धावाले काही कमी नाहीत. दुःखाचा प्रश्न काढला की हमखास आई-बाप आणि इंजेक्शन येतं, लेकराला सुई टोचताना त्याला कळत नाही पण बापाला कारण माहीत असतं, तसं देवाचं. विल्यम रो या नास्तिक तत्त्वज्ञाने १९७९ मध्ये जंगलातल्या वणव्यात भाजून कित्येक दिवस तडफडत मरणाऱ्या हरणाच्या पाडसाचं उदाहरण दिलं होतं, कुणाला कळलंही नाही, कुणाचा फायदा नाही, मग हे कशासाठी? त्यावर स्टीफन वायक्स्ट्रा या ख्रिस्ती तत्त्वज्ञाने १९८४ मध्ये साधारण हेच पालकाचं उत्तर दिलं, की आपल्याला कारण दिसत नाही म्हणून कारण नाहीच असं होत नाही, तान्ह्या बाळाला तरी आईबापाची कारणं कुठे दिसतात. यावर रोने जे म्हटलं ते मला आजवरचं सगळ्यात नेमकं वाटतं. चांगले आईबाप मुलाला न समजणारं दुखणं सोसायला लावतात खरं, पण तेव्हा ते त्याच्या उशाशी बसतात, हात धरतात, आम्ही आहोत म्हणतात. म्हणजे त्याने उदाहरण फेकून दिलं नाही, तेच उदाहरण पुढे चालवलं आणि ते कुठे अडतं ते दाखवलं. वाद असा करावा. (याला ख्रिस्ती माणूस म्हणेल की उशाशी बसणं म्हणजेच क्रूस, तिथे येशूमध्ये देवाने स्वतःच दुःख सोसलं. म्हणू दे, निदान आता आपण ख्रिस्ती श्रद्धेबद्दल बोलतोय, सुईबद्दल नाही.)

खरं तर उदाहरण अडतं हे चर्चला आपल्याआधी माहीत होतं. देव एक आणि व्यक्ती तीन (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा) हे समजावायला पाणी, बर्फ आणि वाफ सांगतात ना, त्यावर त्यांचेच जाणकार डोक्याला हात लावतात, कारण तेच पाणी एकदा बर्फ एकदा वाफ असं म्हटलं की एकच देव तीन वेषांत आला असा अर्थ होतो, आणि ते मत तर सुरुवातीच्या शतकांतच पाखंड ठरलेलं. १२१५ च्या लॅटरन परिषदेने, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंच्या मोठ्या सभेने, तर लिहूनच ठेवलंय की निर्माता आणि निर्मिती यांच्यात कितीही साम्य दाखवा, फरक त्याहून मोठाच राहतो. येशूचे दाखले घ्या, मोहरीचा दाणा, उधळ्या मुलगा, त्यातला एकही देव आहे हे सिद्ध करायला सांगितलेला नाही, ऐकणारे सगळे देव मानणारेच होते. तो देव कसा आहे हे सांगायला ते दाखले होते. आपण मात्र दाखल्याला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं करतो.

राहता राहिला माळी. अँटनी फ्लू या नास्तिक तत्त्वज्ञाने १९५० मध्ये सांगितलेली गोष्ट, मूळ कल्पना जॉन विझडमची. जंगलात दोघांना एक मोकळी जागा दिसते, फुलं आहेत, तणही आहे. एक म्हणतो माळी येत असणार. पहारा देतात, विजेचं कुंपण घालतात, कुत्रे सोडतात, कुणी येत नाही, तरी पहिला म्हणतो माळी आहे, फक्त दिसत नाही, वास येत नाही, शॉक लागत नाही. मग दुसरा विचारतो, असा माळी आणि मुळात नसलेला माळी यात फरक काय? मी ही गोष्ट किती वेळा वापरलीय विचारू नका. मग मित्राने मला फ्लूच्या गोष्टीवर झालेल्या चर्चेतलं बेझिल मिचेल या ख्रिस्ती तत्त्वज्ञाचं उत्तर वाचायला दिलं. शत्रूने व्यापलेल्या देशातला एक क्रांतिकारक एका अनोळखी माणसाला भेटतो, दोघं रात्रभर बोलतात, तो माणूस म्हणतो मी तुमच्याच बाजूचा आहे, काहीही झालं तरी विश्वास ठेव. पुढे कधी तो मदत करताना दिसतो, कधी पोलिसांच्या वेषात आपल्याच लोकांना पकडून देताना दिसतो. क्रांतिकारकाला ते खुपतं, ते आपल्या विश्वासाच्या विरोधात जातं हे तो नाकारत नाही, तरी विश्वास सोडत नाही.

आता दोन्ही गोष्टी शेजारी ठेवा. फ्लूच्या गोष्टीत माळ्याला कुणी कधीच भेटलेलं नाही, मिचेलच्या गोष्टीत भेट पहिल्याच ओळीत झालेली आहे. म्हणजे ज्यावर वाद आहे ती गोष्ट दोघांनीही आपापल्या दृष्टांतात आधीच घालून ठेवलीय, आणि आपण मात्र कुंपण आणि कुत्र्यांवर भांडत बसतो. हे लक्षात आल्यावर मी मित्राला माळ्याबद्दल विचारणं सोडलं आणि विचारलं, तुझी ती रात्र कुठली? तो बराच वेळ गप्प बसला आणि मग त्याने सांगितलं, ते इथे लिहिण्यासारखं नाही, त्याचं त्याच्याजवळ. मला ते ऐकून देव पटला नाही. मी तसं बोललो, आणि तो म्हणाला की ती रात्र तुझी नव्हती तर कशी पटेल. मग मी विचारलं की ती तुझीच होती, नुसती वाटलेली नव्हती, हे तुला कशावरून कळलं, आणि त्या प्रश्नावर आम्ही गेली दोन वर्षं बोलतोय, एकदाही किटली न काढता.

आपला,
एक वाचक