ई-१ च्या हिशेबात १०२४ नको

महोदय,

जुन्या ई-१ लाइनचा (टेलिफोन जाळ्यातली एक ठराविक वेगाची डिजिटल लाइन) हिशेब अजूनही सर्रास चुकतो. बोलण्यात 'दोन एमबी' म्हणतात ती लाइन सेकंदाला २.०४८ मेगाबिटची असते: ६४ किलोबिटचे ३२ टाइमस्लॉट, म्हणजे वेळेचे वाटून दिलेले कप्पे. इथे किलो म्हणजे १०००च, संगणकाच्या मेमरीतले १०२४ नव्हे. २०४८ ला १०२४ ने भागलं की नेमके २ येतात, म्हणून चूक कुणाच्या लक्षातच येत नाही. फ्रेम असलेल्या लाइनवर शून्य क्रमांकाचा स्लॉट फ्रेमिंगला, म्हणजे स्लॉटची सुरुवात ओळखण्याच्या खुणेला जातो. उरतात १९८४ किलोबिट, म्हणजे ८ बिटांचा एक बाइट धरून सेकंदाला २४८ किलोबाइट. प्रोटोकॉलचा भार त्यातूनच वजा होतो. टी-१ मध्ये (ई-१ सारखीच अमेरिकी लाइन) २४ स्लॉटचे १५३६ आणि फ्रेमिंगचे ८, एकूण १५४४ किलोबिट.

खरा फटका एसटीएम-१ ला, म्हणजे अनेक ई-१ एकत्र वाहून नेणाऱ्या १५५.५२ मेगाबिटच्या लाइनला बसतो. १५५.५२ भागिले २.०४८ करून ७५ ई-१ गृहीत धरू नका. बसतात ६३च, बाकी जागा ओव्हरहेड (लाइनच्या नियंत्रणाची माहिती) आणि भरणीची. निविदेत बिट की बाइट, हे अक्षरी लिहिलंच पाहिजे.

– एक दूरसंचार अभियंता