‘अजून दाबू का?’ असे विचारणाऱ्या ताईंना

सप्रेम नमस्कार.

आपले नाव मला ठाऊक नाही. गळ्यातले ओळखपत्र उलटे झाले होते आणि निघण्याच्या गडबडीत विचारायचे राहून गेले. गेल्या आषाढात एका पावसाळी सकाळी, पुण्यातल्या एका तपासणी केंद्रात, आपण माझ्या सात वर्षांच्या लेकीच्या मेंदूचा एमआरआय केलात. आपल्यासाठी ती त्या दिवसातली कितवी तरी पेशंट असणार, म्हणून आपल्याला आठवण असेलच असे नाही. आमच्या घरात मात्र त्या सकाळचा विषय अजून दर दोन दिवसांनी निघतो.

ती ३१व्या आठवड्यात जन्मली, बरेच दिवस काचेच्या पेटीत होती आणि दीड वर्षाची झाल्यावर सेरेब्रल पाल्सीचे, म्हणजे मेंदूला लहानपणीच झालेल्या इजेमुळे येणाऱ्या हालचालींच्या दोषाचे, निदान झाले. तेव्हापासून जो तो तिचे पायच पाहत आला. टाचा टेकतात का, स्नायू किती आखडले, स्प्लिंट, म्हणजे पायाला आधार देणारी पट्टी, बसते का, एवढेच प्रश्न. आमची घरातली लढाई निराळीच होती. मोज्याची शिवण बोटांना लागली की रडून रडून ती उलटी करी, वेणी घालणे म्हणजे रोजचे महाभारत, कुकरची शिट्टी झाली की सगळे अंग ताठ, आणि गणपतीच्या आधी नदीपात्रात ढोलपथकांचा सराव सुरू झाला की आमच्या खिडक्या बंद. कोणी प्रेमाने गालावरून हलका हात फिरवला तरी ती चटका बसल्यासारखी मागे सरके आणि पाहुण्यांचे चेहरे पडत.

हे सारे मी एका नामांकित तज्ज्ञांना सांगितले, तेव्हा कागदावरची नजर न उचलता ते म्हणाले, ‘आधी पाय बघू, नखरे नंतर.’ सेरेब्रल पाल्सीची जी व्याख्या २००७ साली प्रसिद्ध झाली, तिच्यात हालचालींच्या दोषासोबत संवेदना आणि आकलन यांतही अनेकदा बिघाड असतो असे स्पष्ट लिहिले आहे, हे मला पुढे कळले. त्यांना ते तेव्हाच कळायला हरकत नव्हती. त्याआधी दुसऱ्या एका केंद्रात झोपेचे औषध पाजूनही ती झोपली नाही, म्हणून दोघांनी तिचे हातपाय दाबून धरले आणि तिसऱ्याने मला ऐकवले की मुलीला लाडावून ठेवले आहे. तपासणी झाली नाहीच. त्यानंतर कितीतरी दिवस पांढरा कोट दिसला की ती माझ्या ओढणीत तोंड लपवी.

त्यामुळे आपल्याकडे येताना मी मनाची तयारी करूनच आले होते. मंगळसूत्र रुमालात बांधून बाहेर आजीच्या हाती दिले, लेकीची स्प्लिंट काढली आणि आता आरडाओरडा सुरू होणार म्हणून वाट पाहत राहिले. आपण मात्र तिला लगेच टेबलावर घेतले नाहीत. त्या गार खोलीत आपण आपले तळहात एकमेकांवर चोळून ऊबदार केलेत, खाली बसलात आणि मला विचारलेत, ‘हिला कसा हात लावलेला चालतो?’ सात वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. उत्तर देताना माझी जीभ अडखळली. मग आपण तिच्याकडेच वळलात, तिच्या उघड्या तळपायावर पूर्ण पंजा ठेवून तो सावकाश, घट्ट दाबलात आणि म्हणालात, ‘एवढं पुरे, की अजून दाबू का?’ ती क्षणभर आपल्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, ‘अजून.’ परक्या माणसाचा स्पर्श तिने मागून घेतल्याचे मी त्या दिवशी प्रथमच पाहिले.

पुढचे सगळे त्यानंतर सोपे झाले. प्रत्येक आवाजाआधी आपण माइकवरून तिला सांगत होता, ‘आता टकटक, एक पोळी भाजून होईल एवढा वेळ.’ ती हलल्यामुळे एक भाग पुन्हा घ्यावा लागला, तेव्हाही आपल्या स्वरात त्रासिकपणा आला नाही.

त्या चित्रांत काय दिसले तेही आपल्याला कळावे असे वाटते, कारण ती चित्रे आपल्यामुळे मिळाली. आमच्या आत्ताच्या डॉक्टरांनी ती शांतपणे समजावून सांगितली. गर्भावस्थेच्या २४ ते ३४ आठवड्यांच्या सुमारास मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्यांभोवतीचा पांढरा भाग फार नाजूक असतो. पायांना हालचालीचे हुकूम नेणारे तंतू त्या पोकळ्यांच्या अगदी लगत असल्यामुळे पाय अधिक आखडतात. पण तिच्या चित्रात पोकळ्यांच्या मागच्या बाजूचा पांढरा भागही विरळ झालेला होता, आणि थॅलॅमसकडून, म्हणजे मेंदूच्या आतल्या संवेदनांच्या ठाण्याकडून, स्पर्शाची खबर वर नेणाऱ्या वाटा तिथूनच जातात. अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या संशोधकांनी २००२ साली अशा मुलांत या वाटांना हालचालीच्या वाटांपेक्षा जास्त इजा झालेली दाखवली होती, असेही ते म्हणाले. चित्रावरून मूल पुढे काय करील हे सांगता येत नाही, असे त्यांनी बजावले आणि ते मला पटते. तरीही घरी येऊन मी खूप रडले, कारण नखरे, हट्ट, लाड या शब्दांवर मीही कधी कधी विश्वास ठेवला होता. वेणी घालताना तिला दोनदा चापट मारली होती.

आता ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे, म्हणजे रोजची कामे जमावीत म्हणून उपचार देणाऱ्यांकडे, जातो. अशा पुष्कळ मुलांना हलक्या स्पर्शापेक्षा स्थिर, घट्ट दाब सोसतो, असे तिथे शिकवतात. आपल्याला ते कोणी शिकवले होते की आपण सहज केलेत, कोण जाणे. माझा समज असा की आपण शेजारच्या बाळालाही विचारूनच उचलत असाल.

परवा शाळेची रिक्षा खाली हॉर्न वाजवत असताना मी घाईघाईने स्प्लिंट चढवायला गेले. लेकीने पाय मागे घेतला, माझा पंजा धरून स्वतःच्या तळव्यावर ठेवला आणि मला दटावले, ‘आधी विचार ना, अजून दाबू का?’

आपली ऋणी,
सिंहगड रस्त्यावरची एक आई