मालवणच्या किनाऱ्यावरील मावशींचे आभार

८ डिसेंबर २०२१ रोजी तमिळनाडूतील सुलूरहून त्याच राज्यातील वेलिंग्टनला निघालेले वायुसेनेचे हेलिकॉप्टर कुन्नूरजवळ कोसळले. तेव्हाचे संरक्षण दल प्रमुख जनरल बिपिन रावत यांच्यासह १३ जण त्याच दिवशी गेले. चौदावे, ग्रुप कॅप्टन वरुण सिंग, १५ डिसेंबरपर्यंत मृत्यूशी झुंजले.

त्यांच्या स्मरणार्थ गेल्या ८ डिसेंबरला आम्ही काही माजी सैनिकांनी मालवणच्या किनाऱ्यावर १४ पणत्या मांडल्या, परंतु संध्याकाळच्या वाऱ्यापुढे एकही टिकेना. (वाऱ्याचा अंदाज घ्यायला हवा होता, चूक आमचीच.) तेव्हा मासळी विकून परतणाऱ्या चार-पाच मावशींनी, आम्ही काही बोलण्याआधीच, आपल्या रिकाम्या पाट्या आडव्या लावून आडोसा केला आणि एकीने जवळच्या घरातून करवंट्या आणून प्रत्येक पणती करवंटीत बसवली. चौदावी पणती कोणाची हे ऐकल्यावर त्यांच्यातील सर्वांत वयस्क मावशी वाळूतच बसल्या आणि “ही विझाक नको” एवढेच म्हणून, तेल संपेपर्यंत तिच्याभोवती दोन्ही हात धरून राहिल्या. त्यांच्या मनगटाला अजून खवले चिकटलेले होते.

मावशींनो, तुमची नावे विचारायचे राहून गेले; आम्ही तुमचे मनःपूर्वक आभारी आहोत. तुमची एक पाटी आमच्याकडे राहिली आहे, ती द्यायला रविवारी सकाळी मासळीच्या लिलावाच्या वेळी येऊ.