संशयितांच्या यादीत पोलीसही हवेत

महोदय,

रशियातील अंगार्स्क शहराचा पोलीस कर्मचारी मिखाईल पोपकोव्ह याच्याविषयी आपल्या रविवार पुरवणीत आलेला लेख वाचला. त्याच्या विकृत मनोवृत्तीची चर्चा लेखात सविस्तर आहे. परंतु इतके खून करूनही तो दोन दशके मोकळा कसा राहिला, याचे उत्तर मनोविकारापेक्षा त्याच्या वर्दीत आणि त्याच्या खात्याच्या कारभारात अधिक आहे, हा मुद्दा मात्र निसटला.

रात्री एकट्या चाललेल्या महिलांना पोपकोव्ह गाडीतून घरी सोडण्याची तयारी दाखवी, कधी वर्दीत तर कधी पोलिसांच्याच गाडीतून, आणि पोलीस आहे म्हणूनच त्या निर्धास्तपणे गाडीत बसत. हत्यासत्र १९९२ मध्ये सुरू झाले आणि १९९८ मध्ये त्याने नोकरी सोडल्यानंतरही चालू राहिले. अखेर हजारो आजी-माजी पोलिसांची डीएनए तपासणी झाली, तेव्हा २०१२ मध्ये तो हाती लागला. २०१५ मध्ये २२ आणि २०१८ मध्ये आणखी ५६ खून त्याच्यावर सिद्ध झाले. ज्या तपासणीने तो सापडला, ती आपल्याच माणसांची करायला खाते इतकी वर्षे धजावले नाही, हे मला त्या आकड्यांहून भयंकर वाटते.

ही केवळ रशियाची गोष्ट नाही. पुढे अनेक खुनांत दोषी ठरलेला कॅलिफोर्नियातील पोलीस जोसेफ डीअँजेलो १९७०च्या दशकात एक्सेटर येथे घरफोड्या रोखणाऱ्या पथकात होता आणि त्याच काळात शेजारच्या विसेलिया गावात स्वतः घरे फोडत होता. तो पकडला गेला २०१८ मध्ये. फ्रान्समध्ये फ्रान्स्वा व्हेरोव्ह हा निमलष्करी पोलीस दलातला माणूस १९८६ पासूनच्या खुनांनंतर सुमारे ३५ वर्षे सन्मानाने जगला. २०२१ मध्ये त्या काळी पॅरिस परिसरात नेमणुकीस असलेल्या सुमारे ७५० जणांना चौकशीसाठी बोलावणे धाडले गेले, तेव्हा चाचणीआधीच त्याने आत्महत्या केली.

जोशी-अभ्यंकर हत्याकांडाच्या दिवसांत, म्हणजे १९७६-७७ मध्ये, आम्हा पुणेकरांच्या घरांतून एकच ताकीद असे: रात्री कोणीही दार वाजवले तरी उघडू नका, पोलीस असतील तरच उघडा. हा विश्वास चुकीचा नव्हता आणि आजही रात्रीच्या गस्तीवरील पोलिसांबद्दल मला आदरच आहे. परंतु वर्दीवर इतका विश्वास टाकायचा, तर वर्दीतल्या माणसाची ओळख पटवून घेण्याची सोयही हवी. अटक करणाऱ्या पोलिसाच्या अंगावर त्याचे नाव स्पष्ट दिसले पाहिजे, तसेच अपवादात्मक परिस्थिती वगळता सूर्यास्तानंतर महिलेस अटक करता येत नाही, आणि तेव्हाही महिला अधिकारी व दंडाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते, हे कायद्यातच आहे. शहरात किती मुलींना हे ठाऊक आहे? दामिनी पथके महाविद्यालयांत जातात, तेव्हा स्वसंरक्षणाच्या धड्यांबरोबर हेही सांगायला त्यांना अडचण नसावी.

दुसरी बाब तक्रारीची. पोलिसाविरुद्धची तक्रार त्याच्याच पोलीस ठाण्यात द्यायला सामान्य माणूस कचरतो. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये प्रकाश सिंह खटल्यात स्वतंत्र पोलीस तक्रार प्राधिकरणे नेमण्याचा आदेश दिला आणि महाराष्ट्राने २०१४ मध्ये कायदा करून राज्य व विभागीय स्तरावर त्यांची तरतूद केली. पुणे विभागाकडे आजवर किती तक्रारी आल्या, त्यांपैकी किती महिलांच्या होत्या आणि किती प्रकरणांत कारवाई झाली, याची माहिती आपल्या दैनिकाने मिळवून छापावी, अशी विनंती आहे.

आपला,
एक ज्येष्ठ वाचक, कोथरूड, पुणे