कमोडची गळकी टाकी आणि पान्याची घाई

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

सासूबाईंचे गुडघे दुखू लागल्यामुळे गेल्या उन्हाळ्यात आम्ही मुलुंडच्या घरातले भारतीय बैठकीचे भांडे काढून तेथे कमोड बसवून घेतला. तिसऱ्याच दिवशी कमोडच्या मागे फरशीवर वाटीभर पाणी साचलेले दिसले. प्लंबरने येऊन टाकी भांड्याला जोडणारे खालचे दोन्ही बोल्ट आणखी आवळले आणि ‘नवीन आहे, दोन दिवसांत बसेल’ असे सांगून तो गेला. गळती चालूच राहिली. दुसऱ्या खेपेस त्याने टाकी आणि भांडे यांच्या सांध्यात पांढरे सिमेंट भरले. त्यामुळे समोरचे पाणी दिसेनासे झाले, पण ते मागे भिंतीच्या बाजूने उतरत राहिले आणि पंधरा-वीस दिवसांनी खालच्या मजल्यावरच्या काकू त्यांच्या न्हाणीघराच्या छतावरचा ओला डाग दाखवायला मला बोलावून घेऊन गेल्या.

हा प्रकार मुंबईत घरोघरी घडतो, म्हणूनच हे पत्र लिहीत आहे. टाकी गळते म्हटले की ती कोठून गळते हे न पाहता प्रथम पाना चालवला जातो, आणि खरे नुकसान तेथेच होते. टाकी चिनी मातीची असते. बोल्ट प्रमाणाबाहेर आवळला तर तिला केसाएवढी चीर जाते आणि मग चार पैशांच्या वॉशरऐवजी अख्खी टाकी बदलावी लागते.

शेवटी आलेल्या एका वयस्क प्लंबरकाकांनी पाना पिशवीतून काढलाच नाही. त्यांनी टाकी बाहेरून फडक्याने कोरडी पुसली, दोन्ही बोल्ट, मधला मोठा नट आणि टाकीत पाणी आणणारा कनेक्शन पाइप यांच्या खाली वर्तमानपत्राचे वेगवेगळे तुकडे ठेवले आणि आम्हाला दहा मिनिटे थांबायला सांगितले. डाव्या बोल्टखालचा कागद तेवढा भिजला. टाकी रिकामी करून तो बोल्ट काढल्यावर कारण समोर आले. रबराचा वॉशर, ज्याला आपण वायसर म्हणतो, तो टाकीच्या बाहेर नटाकडे घातलेला होता आणि धातूची चकती आत बोल्टच्या डोक्याखाली होती. पाणी अडवण्याचे काम आतल्या रबराचे असते. धातू आणि चिनी माती यांच्यामधली फट कितीही आवळली तरी बुजत नाही. काकांनी रबर आत आणि चकती बाहेर असे वॉशर योग्य जागी घातले, मग डावा थोडा, उजवा थोडा असे आळीपाळीने दोन्ही नट फिरवले आणि टाकी हलेनाशी होताच हात थांबवला. त्यानंतर एक थेंबही पडलेला नाही.

त्यांच्याकडून समजलेल्या काही खुणा वाचकांच्या उपयोगी पडतील. फक्त फ्लश केल्यावरच पाणी पडत असेल, तर टाकी आणि भांडे यांच्यामधला मोठा रबरी वॉशर वाकडा बसलेला किंवा दुमडलेला असण्याची शक्यता अधिक असते. थेंब सतत पडत असतील, तर बोल्टचे वॉशर, टाकी भरली की पाणी बंद करणाऱ्या बॉलकॉकचा नट किंवा फ्लशचे पाणी भांड्यात सोडणाऱ्या फ्लश व्हॉल्व्हचा मधला मोठा नट पाहावा. तरीही उलगडा होत नसेल, तर रात्री टाकी भरल्यावर अँगल कॉक, म्हणजे टाकीला पाणी देणारा भिंतीवरचा छोटा नळ, बंद करून आत पाण्याच्या पातळीपाशी पेन्सिलीने खूण करावी. सकाळी पाणी मध्येच एखाद्या पातळीवर येऊन थांबलेले दिसले, तर त्या उंचीवर चीर आहे का हे निरखून पाहावे. पातळी मुळीच उतरली नसेल आणि कॉक चालू केल्यावरच पाणी पडत असेल, तर दोष बहुधा कनेक्शन पाइपच्या जोडणीत असतो.

याहून घातक गळती आतली, कारण ती फरशीवर येत नाही. पाणी टाकीतून गुपचूप भांड्यात उतरत राहते. टाकीत कपड्यांच्या निळीचे चार थेंब टाकून अर्धा तास फ्लश न करता थांबावे. भांड्यातले पाणी निळसर झाले, तर फ्लश व्हॉल्व्हचे रबर नीट बसत नाही किंवा पाण्याची पातळी ओव्हरफ्लोच्या, म्हणजे जादा पाणी भांड्यात सोडणाऱ्या, नळीच्या वर जाते आहे, असे समजावे. पातळी त्या नळीच्या तोंडाच्या साधारण इंचभर खाली हवी. आपल्या बहुतेक जुन्या इमारतींत पाण्याचा मीटर सोसायटीचा एकच असतो. कोणाच्या घरातून किती पाणी वाया जाते हे बिलात उमटत नाही, म्हणून असे दोष वर्षानुवर्षे तसेच राहतात.

आमच्या बोल्टखाली मी रात्री श्रीखंडाचा अर्ध्या किलोचा रिकामा डबा ठेवला होता. सकाळपर्यंत तो काठोकाठ भरला, म्हणजे दिवसाला साधारण दीड लिटर. आकडा लहान वाटेल. पण भातसा, तानसा आणि वैतरणा या नद्यांवरच्या धरणांचे पाणी ठाणे जिल्ह्यातल्या ज्या शहापूर तालुक्यातून मुंबईला येते, तेथल्या कित्येक पाड्यांत उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. हे माहीत असताना तो डबा मोरीत ओतताना मला फार वाईट वाटले.

सोसायटीच्या आदर्श उपविधींनुसार, म्हणजे नमुना नियमांनुसार, संडासातल्या अंतर्गत गळतीच्या दुरुस्तीचा खर्च त्या सदस्यानेच करायचा असतो, आणि आम्ही तो केला. माझी विनंती उत्पादकांना आणि सॅनिटरी सामानाच्या दुकानदारांना आहे. टाकीसोबत कोणता वॉशर आत आणि कोणता बाहेर, हे दाखवणारे मराठीतले सचित्र पत्रक द्यावे. आमच्या खोक्यातल्या कागदावर मराठीचे एक अक्षरही नव्हते, आणि काम करणाऱ्याने तो न उघडताच बाजूला टाकला होता. घरमालकांनीही प्लंबरची मजुरी पूर्ण देण्याआधी एक रात्र टाकीखाली कोरडा कागद ठेवून पाहावा.

आपली विश्वासू,
एक वाचक, मुलुंड (पूर्व), मुंबई