तो लोरेंझो हा नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

फ्लॉरेन्सच्या मेदिची घराण्याच्या समाधी-दालनांवरील पुरवणीतला लेख वाचला. सान लोरेंझो चर्चमधल्या ज्या समाधीचे छायाचित्र छापले आहे, ती खालच्या ओळीत म्हटल्याप्रमाणे फ्लॉरेन्सचा सत्ताधीश ‘लोरेंझो द मॅग्निफिसंट’ याची नाही. शिरस्त्राण घालून विचारात बसलेला पुतळा आहे त्याच्या नातवाचा, उर्बिनोच्या ड्यूक लोरेंझोचा (मृत्यू १५१९). थोरला लोरेंझो (मृत्यू १४९२) आणि १४७८ साली खून झालेला त्याचा भाऊ जुलियानो त्याच दालनात मॅडोनाच्या पुतळ्याखालच्या साध्या पेटीत आहेत. या समाध्यांचा शिल्पकार मायकेलअँजेलो १५३४ साली रोमला गेला तो परतला नाही, आणि त्यांची जोडसमाधी राहूनच गेली.

नाव चुकले की लेखात ज्याच्या सफाईची गोष्ट आहे, त्या समाधीवरच्या डागाचे कारणही हाती लागत नाही. १५३७ साली खून झालेल्या फ्लॉरेन्सच्या ड्यूक आलेस्सांद्रो मेदिचीचे शव याच नातवाच्या पेटीत ठेवले गेले, तेही आतले अवयव न काढता, असे तिथले जाणकार सांगतात. त्या शवाचे द्रव संगमरवरात आतून बाहेर झिरपले. असा डाग वरून घासून निघत नाही. ॲसिडने तर संगमरवरच विरघळतो, कारण तो कॅल्शियम कार्बोनेट. म्हणून २०२० साली डाग खाणारे जीवाणू वापरले. बीजाणू (सुप्तावस्थेत तग धरणारे कण) न धरणारे, निरुपद्रवी असे आठ प्रकार आधी वेदीमागच्या, कुणाला न दिसणाऱ्या संगमरवरावर छोट्या चौकोनांत तपासले. पेटीवरच्या डागासाठी त्यांतला सेराशिया फिकारिया एसएच७ हा जीवाणू निवडला गेला, जेलमध्ये मिसळून.

‘नागपुरातल्या भोसलेकालीन छत्र्याही (दगडी समाधी-वास्तू) अशाच धुऊन घ्याव्यात’ ही लेखातली सूचना मात्र धोक्याची वाटते. जीवाणू दूरच राहतील आणि छत्र्यांवर तेजाब मारले जाईल! दगड टिकला तरी सांध्यातला चुना तेजाब खाते, उरलेले क्षार दगडात मुरतात आणि उन्हाळ्यात पृष्ठभागाचे पापुद्रे सुटतात. सांधे सिमेंटने भरले की ओल बाहेर पडायला दगडाखेरीज वाट राहत नाही. मग सांधा शाबूत आणि दगडच झिजलेला, असे दिसते.

आधी डाग कशाचा ते ठरवावे. शेवाळ, दिव्याची काजळी, शेंदूर-तेल आणि क्षार यांचे उपाय वेगवेगळे आहेत. मागच्या बाजूला वीतभर जागेवर साधे पाणी आणि मऊ नायलॉनचा ब्रश वापरून पाहावा, तारेचा कधीच नाही. पांढरे क्षार आधी कोरड्या ब्रशने झाडावेत, मग डिस्टिल्ड पाण्यात भिजवलेल्या कागदाच्या लगद्याचा बोटभर जाड थर लावावा. तो वाळला की काढून नवा. एका थरात क्षार क्वचितच संपतात. हे काम पावसाळा संपून भिंती सुकल्यावरच घ्यावे; ओल्या दगडावर लगदा काही ओढून घेत नाही. सांध्यांत पुन्हा चुनाच भरावा.

छायाचित्राखालच्या ओळीची दुरुस्ती पुढच्या अंकात छापावी, ही विनंती.

– दगडी वास्तूंच्या जतनाचे काम करणारे काही वाचक, महाल, नागपूर